मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर आणि प्रवासाचा वेळ याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही राजारामपुरी, कोल्हापूर येथे राहतो. माझे आई-बाबा डिसेंबरमध्ये बहिणीकडे न्यूयॉर्कला जाणार आहेत आणि तिकीट काढण्यापूर्वी हिशेब नीट समजून घ्यावा, असा बाबांचा आग्रह आहे.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर असून ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर चौदा तास होतात. मग वेळापत्रकात सोळा तास का दाखवतात? पश्चिमेकडे जाताना समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे वेळ वाढतो आणि परतताना तोच वारा मदत करतो, हे ठाऊक आहे, पण फरक केवळ त्याचाच असतो, की धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि वळसा घेण्याचा वेळही त्यात धरलेला असतो? बाबांनी तर नातवाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला. तो पश्चिमेकडे सरळ न जाता बराच उत्तरेकडून गेला, तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले.

रात्री १ वाजता निघून त्याच दिवशी सकाळी ६:३० ला पोहोचणार, हे वाचून आई म्हणाली, "साडेपाच तासच की!" हिवाळ्यातला साडेदहा तासांचा फरक तिला अजून पटलेला नाही.

आईचे गुडघे दुखतात. एवढे तास सलग बसण्यापेक्षा वाटेत एक थांबा घेणे बरे, की विमान बदलण्याची पायपीटच अधिक त्रासदायक ठरते? शिवाय कोल्हापूरहून मुंबईपर्यंतचा रस्त्याचा प्रवास आदल्या दिवशीच करावा का? वयस्कर मंडळींना घेऊन गेलेल्यांनी कृपया अनुभव कळवावा.