परदेशी लीगमध्ये बास्केटबॉल खेळायला जाणं नेमकं कसं असतं?

नागपूरचा_बाबा

नमस्कार मंडळी. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, उंची सहा फूट पाच इंच. शाळेपासून खेळतोय. सकाळी साडेपाचला कोर्टवर असतो, पावसाळ्यात कोर्ट ओलं असलं तर स्वतः वायपर मारून पाणी काढतो. गेल्या महिन्यात एका स्पर्धेत एक गृहस्थ भेटले. म्हणाले, पूर्व आशियातल्या एका लीगमध्ये ट्रायल लावून देतो, नोंदणीचे दीड लाख आधी भरा. मुलगा हरखून गेलाय. त्याची आई म्हणते, आधी पदवी पूर्ण कर. मला त्याला अडवायचंही नाही आणि आंधळेपणाने पाठवायचंही नाही. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग, सोडून बाहेर खेळणाऱ्यांचं आयुष्य कसं असतं, हे जवळून पाहिलेलं कुणी आहे का इथे?

कोर्टसाइड_दादर

दीड लाख भरू नका. एजंटचे पैसे करार झाल्यावर, खेळाडूच्या पगाराच्या ठरावीक टक्क्यांच्या हिशोबाने मिळतात. फिबाने, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाने, परवाना दिलेल्या एजंटांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते, त्यात या गृहस्थांचं नाव आहे का ते आधी बघा. दुसरी गोष्ट, एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना आपल्या देशाच्या महासंघाकडून 'लेटर ऑफ क्लिअरन्स', म्हणजे बाहेर खेळायची परवानगी, लागतं. त्याबद्दल त्यांना विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथूनच नमस्कार करा.

धरमपेठची_मेघना

दादा, मी 2010 ते 2016 नोकरीसाठी बीजिंगला होते. त्याआधी कॉलेजच्या टीममधून पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल नेऊन खेळ मांडणारी, म्हणून खेळलेय, त्यामुळे तिथे गेल्यावर आधी कोर्ट शोधलं आणि मग भाजी कुठे मिळते ते. त्या सहा वर्षांत एका माणसाची कारकीर्द मी अगदी समोरून पाहिली. तुमच्या मुलाला तीच सांगावीशी वाटते.

स्टेफॉन मार्बरी. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा. 1996 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, चौथा निवडला गेला, दोनदा वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार मॅचसाठी निवडला गेला. 2006 मध्ये त्याने स्वतःच्या नावाचे बूट 14.98 डॉलरला विकायला काढले, गरीब घरच्या पोरांना परवडावेत म्हणून. पुढे वडील गेले, न्यूयॉर्कच्या टीममध्ये बिनसलं, आणि 2009 नंतर एनबीएमध्ये त्याला जागा उरली नाही. 2010 च्या जानेवारीत, तेहतिशी गाठायला आलेला हा माणूस चीनच्या शान्शी प्रांतातल्या टीमकडून खेळायला उतरला. शान्शी म्हणजे कोळशाचा मुलूख, कडाक्याची थंडी. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. तिथे टिकणं झालं नाही, पुढचा हंगाम फोशानला काढला. बीजिंग डक्सकडे आला तो 2011 मध्ये, म्हणजे तिसऱ्या टीममध्ये त्याची घडी बसली. हे मुलाला जरूर सांगा.

तिथला नियमही समजून घ्या. त्या काळी एका टीमला दोनच परदेशी खेळाडू. मॅचचे चार क्वार्टर, दोघांचे मिळून जास्तीत जास्त सहा क्वार्टर खेळायचे आणि चौथ्या क्वार्टरमध्ये कोर्टवर एकच. बाकीचे सगळे चिनी खेळाडू. बरेचसे परदेशी खेळाडू यायचे, चाळीस पॉइंट करायचे, टीम हरायची आणि हंगाम संपला की विमानात बसायचे. मार्बरी मात्र बॉल टीममधल्या इतरांना द्यायचा. टाइम-आउटला कोचचं बोलणं दुभाष्याकडून ऐकून झालं की तो एखाद्या तरुण खेळाडूला मानेला धरून बाजूला घ्यायचा, हातानेच दाखवायचा की स्क्रीन (समोरच्याची वाट अंगाने अडवणं) लागल्यावर पाय इथे हवा, तिथे नको. मी खालच्या स्टँडमध्ये बसून हे दोन-तीनदा पाहिलंय. पुढच्याच वेळी बॉल टीमकडे आला की तो पोरगा बरोबर तिथे उभा असायचा आणि पास त्याच्याच हातात यायचा.

30 मार्च 2012. बीजिंगमधल्या वुकेसाँगच्या स्टेडियममध्ये फायनलची पाचवी मॅच. समोर ग्वांगडाँग, सात विजेतेपदं खिशात असलेली टीम. बीजिंगने चीनची लीग कधीच जिंकलेली नव्हती. माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते, काचेच्या बरणीत चहा आणि कागदात सूर्यफुलाच्या बिया. तीन क्वार्टर ते एकसारखे बिया फोडत होते. शेवटच्या काही मिनिटांत बी तशीच दातात धरून बसले, फोडलीच नाही. सगळं स्टेडियम 'मा-बू-ली, मा-बू-ली' करत होतं, म्हणजे चिनी उच्चारात मार्बरी. 124-121. त्यात मार्बरीचे एक्केचाळीस. शिट्टी झाल्यावर आजोबांनी माझा हात घट्ट धरला, आणि डोळे पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. त्याच वर्षी स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. 2014 आणि 2015 ला पुन्हा विजेतेपद.

आता दुसरी बाजू. 2017 मध्ये क्लबला वाटलं की त्याने खेळणं थांबवून कोचिंगमध्ये यावं. त्याला खेळायचं होतं. पुतळा असलेल्या माणसालाही टीम सोडावी लागली, आणि शेवटचा हंगाम तो बीजिंगच्याच दुसऱ्या टीमकडून खेळला. फेब्रुवारी 2018 मध्ये, एक्केचाळिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, निवृत्त झाला. परदेशी खेळाडूचा करार बहुतेक वेळा एका हंगामाचा असतो. दर उन्हाळ्यात बॅग भरायची तयारी ठेवावी लागते.

यॉर्कर_पण_बास्केटवाला

मेघनाताईंनी लिहिलंय ते मनापासून पटलं, पण मार्बरी चीनला गेला तो एनबीएची तेरा वर्षं पदरात घेऊन. आपल्या पोरांची सुरुवात त्याच्या फार अलीकडून होते. सतनाम सिंग बघा. पंजाबातल्या बल्लो के गावचा, चौदाव्या वर्षी फ्लोरिडाच्या अकादमीत गेला, 2015 मध्ये डॅलसने बावन्नावा निवडला. ड्राफ्ट होणारा पहिला भारतीय. पण प्रत्यक्षात टेक्सासच्या डेव्हलपमेंट टीममध्ये दोन हंगाम, तेही बराच वेळ बाकावर. एनबीएची एकही मॅच नाही. सात फूट दोन इंच उंची असून ही गत. सहा फूट पाच म्हणजे तिकडे गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब राहून बॉल हाताळणारा. बॉल हँडलिंग आणि बाहेरून शॉट, यावर आत्ताच मेहनत हवी.

नागपूरचा_बाबा

सगळ्यांचे आभार. त्या गृहस्थांना परवान्याचं विचारलं, त्यानंतर फोन उचलत नाहीत. मेघनाताई, एक विचारतो. पगार बुडवला तर पोराने परक्या देशात करायचं काय?

धरमपेठची_मेघना

हा प्रश्न तुम्ही आधी विचारलात, बरं झालं. बीजिंगमध्ये माझ्यासोबत रविवारी खेळणारा एक अमेरिकन मुलगा खालच्या लीगमध्ये होता. त्याच्या क्लबने दोन महिने पगार दिला नाही आणि घर रिकामं करायला सांगितलं. करारात लवादाचं कलम नव्हतं, त्यामुळे हाती काही लागलं नाही. फिबाचा बास्केटबॉल लवाद जिनिव्हात आहे, 2007 पासून. खेळाडू, एजंट आणि क्लब यांची भांडणं तिथे मिटतात, पण वाद तिकडेच जाईल असं करारात लिहिलेलं असावं लागतं. ती एक ओळ नसेल तर सही करू देऊ नका. परतीचं तिकीट, राहायची जागा आणि दुखापत झाल्यास उपचार कुणी करायचे, हेही कागदावर घ्या.

आणि त्याच्या आईला सांगा, पदवीला दोनच वर्षं उरलीत. तोवर रोज डाव्या हाताने तीनशे ड्रिबल. मी पुढच्या महिन्यात नागपूरला येतेय. त्याला घेऊन सकाळी साडेपाचला कोर्टवर या, मी वायपर घेऊन येते.