मदत हवी आहे: डीडीएम मिसेलमध्ये प्रोटीन, डिटर्जंटचे रेणू किती घ्यायचे?

मंडळी, इथे कोणी मेंब्रेन प्रोटीनचं (पेशीच्या पटलात बसणाऱ्या प्रोटीनचं) संगणकावर सिम्युलेशन केलंय का? मी कलिन्याला (मुंबई विद्यापीठात) एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय. प्रोटीन ई. कोलाय जिवाणूच्या बाह्यपटलातलं ओएमपीए, त्यातला फक्त 171 अमिनो आम्लांचा आठ पट्ट्यांचा, पिंपासारखा बीटा बॅरल. सॉफ्टवेअर ग्रोमॅक्स, फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची सूत्रं) चार्म36. लिपिड बायलेयरमधलं, म्हणजे पटलासारख्या दुहेरी थरातलं काम उरकलंय. बाँड आणि सॅन्सम यांनी 2003 मध्ये हेच प्रोटीन डीपीसी या डिटर्जंटच्या मिसेलमध्ये (रेणूंच्या गोळ्यात) चालवलं, तेव्हा ते बायलेयरपेक्षा जास्त हललं होतं. सर म्हणतात, आपले प्रयोगवाले डीडीएम हा डिटर्जंट वापरतात, तू त्यात बघ.

गाडी अडलीय आकड्यावर. लॅबच्या बफरमध्ये डीडीएम 0.03 टक्के, म्हणजे साधारण 0.6 मिलिमोलर. माझा सिम्युलेशनचा बॉक्स 12 नॅनोमीटर बाजूचा. हिशोब केला तर त्यात अख्खा एक रेणूही येत नाही! आणि मिसेल म्हणून 130 रेणू घातले की होतात 125 मिलिमोलर, लॅबच्या दोनशेपट. व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमकं हेच धरणार.

शिवाय रेणू पाण्यात विखरून सोडू की चार्म-जीयूआय या वेबसाइटच्या मिसेल बिल्डरने बांधून घेऊ? लॅबमध्ये ग्राफिक्स कार्ड एकच, रांगेत तिघं, आणि एसी बंद असला की तेही धापा टाकतं.

किरकोळ प्रश्न: मिसेलच्या रेडियस ऑफ जायरेशनचा (तो किती पसरलाय त्याच्या मापाचा) ग्राफ मधूनच उडी मारतो. मिसेल फुटतोय का?

पवईकर:
उडीचं आधी. फुटत नाहीये, बॉक्सच्या कडेला येऊन अर्धा पलीकडून दिसतोय. ग्रोमॅक्सच्या ट्रजकॉन्वमध्ये पीबीसी क्लस्टर हा पर्याय लाव म्हणजे तुकडे एकत्र येतील, मग मोज. आणि बायलेयरची एमडीपी फाइल (सिम्युलेशनच्या सेटिंगची) तशीच उचलू नकोस. मिसेलला प्रेशर कपलिंग आयसोट्रॉपिक, म्हणजे सगळ्या दिशांना सारखं लागतं.

डीडीएमची सीएमसी, म्हणजे ज्याच्या वर मिसेल बनू लागतात ती संहती, 0.17 मिलिमोलरच्या आसपास. पाण्यात सुटे रेणू तेवढेच, बाकीचे मिसेलमध्ये. तुझ्या बॉक्सच्या वाट्याला सुटा रेणू सरासरी 0.2 सुद्धा येत नाही. तू एकच प्रोटीन आणि त्याभोवतीचा डिटर्जंट बघतेयस, पाणी कमी म्हणून 125 दिसतं. परीक्षकांना हेच सांग. ऑक्टिल ग्लुकोसाइडसारखा जास्त सीएमसीचा डिटर्जंट असता तर याच बॉक्समध्ये वीसेक रेणू सुटे फिरले असते, तिथे सीएमसी विसरून चालत नाही.

130 मात्र डोळे मिटून घेऊ नकोस. नुसत्या मिसेलचा आकडा प्रोटीनभोवती तसाच लागू पडेल असं नाही. बिल्डरनेच 80, 110, 140 असे तीन बांध. बॅरलचा जलविरोधी भाग पाण्याला किती उघडा पडतो ते मोज. रेणू वाढवूनही तो आकडा बदलेनासा झाला की पुरे. मार्टिनी या ढोबळ मॉडेलमध्ये विखरून सोडलेले रेणू झटपट गोळा होतात, पण तिथे प्रोटीन सहसा इलॅस्टिक नेटवर्कने (काल्पनिक स्प्रिंगांनी) जखडलेलं असतं. प्रोटीन किती हलतं हाच तुझा प्रश्न, मग उपयोग काय?

कलिनाकर:
धन्यवाद दादा! बिल्डरमध्ये अल्फा आणि बीटा अशी डीडीएमची दोन्ही रूपं दिसतायत. बीटाच ना?

पवईकर:
लॅबमधली बाटली बघ. बहुतेक बीटाच असेल. दोघांचे मिसेल सारखे नसतात, तेव्हा विचारून घे.