मदत हवी आहे: धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूम) पिशव्यांत हिरवी बुरशी

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातून लिहितोय. रास झाली की सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरलेला भुसा) लोक पेटवून देतात, ते बघवत नाही. म्हणून यंदा तिच्यावर धिंगरी अळिंबी लावली. गुळी रात्रभर भिजवली, तासभर गरम पाण्यात ठेवली, थर देत बियाणं भरलं. 20 पैकी 11 पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्यात, पण 9 पिशव्यांत तळाशी हिरवे डाग आलेत. त्यातली गुळी मुठीत दाबली तर पाणी टपकतं, आंबूस वास येतो. पाणी 80 अंशांपर्यंत तापलं का, तेही मोजलं नव्हतं. त्या पिशव्या लगेच शेडबाहेर काढल्यात. डाग काढून वाचतील का, की पुरूनच टाकू? आणि भरण्याआधी गुळी किती वेळ निथळू द्यायची? गुळीवर धिंगरी घेतलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.