मदत हवी आहे: क्ष-किरण डिटेक्टरची खिडकी आणि आमची दमट हवा

मंडळी, मी रत्नागिरीत एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. छोट्या उपग्रहावर बसेल असा क्ष-किरण वर्णपटमापक प्रोजेक्टसाठी कागदावर डिझाइन करतोय. डिटेक्टर सिलिकॉन ड्रिफ्टच (क्ष-किरणांची ऊर्जा मोजणारी सिलिकॉनची चकती) घेणार. 1 जानेवारी 2024 ला सुटलेल्या इस्रोच्या एक्सपोसॅट उपग्रहावरच्या एक्सस्पेक्ट या उपकरणातही तेच आहेत. एक्सरिझम या जपानी क्ष-किरण दुर्बिणीसारखा 50 मिलीकेल्विनला (निरपेक्ष शून्याच्या जवळ) थंड केलेला कॅलरीमीटर (किरणाने होणारी तापमानवाढ मोजणारा डिटेक्टर) आपल्या आवाक्यातला नाही.

अडलंय ते बेरिलियमच्या खिडकीपाशी, म्हणजे डिटेक्टरसमोरच्या धातूच्या पातळ पडद्यापाशी. 25 मायक्रॉनची पत्री मजबूत, पण 1 केईव्हीला (केईव्ही म्हणजे किरणाच्या ऊर्जेचं एकक) जेमतेम 6 टक्के किरण आत सोडते. 8 मायक्रॉनची 40 टक्के. मला सुपरनोव्हाच्या अवशेषांतली मॅग्नेशियमची 1.35 केईव्हीची रेषा हवीय, म्हणजे पातळच घ्यावी लागणार. (एक्सरिझमच्या डिटेक्टरसमोरची बेरिलियमची खिडकी असलेली झडप उघडलीच नाही आणि 1.7 केईव्हीच्या खालचं जवळपास सगळं हुकलं, हे वाचल्यापासून खिडकीची धास्तीच घेतलीय.) प्रक्षेपणाच्या हादऱ्यांत इतकी पातळ पत्री टिकते का? जाळीचा आधार दिला तर किती क्षेत्रफळ वाया धरायचं?

दुसरं अगदी इथलं. सरावासाठी साधा सिलिकॉन फोटोडायोड पेल्टिअरवर (विजेवर चालणारी थंड करणारी चकती) थंड करतोय. या आषाढात शून्याच्या बऱ्याच वरच त्यावर दव धरतं आणि गळतीप्रवाह (नको असलेला वीजप्रवाह) वाढतो. हवाबंद डबा म्हणून आईची लोणच्याची बरणी वापरून झाली, पण आतली ओलावा शोषणारी निळी सिलिका जेल संध्याकाळपर्यंत गुलाबी! टायरवाल्याकडचा नायट्रोजन सोडला तर चालेल का? हसू नका, नाक्यावर तेवढाच मिळतो. कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.