तमिळ कच्चेरीत (कर्नाटक संगीताच्या मैफिलीत) अभंग कसा काय पोचला?

डोंबिवलीकर_चेन्नईत: डिसेंबर सीझनच्या, म्हणजे चेन्नईतल्या कर्नाटक संगीताच्या हंगामातल्या मैफिली ऐकतोय सध्या. बरेच जण शेवटी शेवटी तुकोबा-नामदेवांचा अभंग घेतात आणि पब्लिक लगेच टाळ्यांचा ठेका धरतं, कर्नाटकी गायिका अरुणा साईराम यांचं 'तीर्थ विठ्ठल' तर फेमसच आहे. हे अलीकडचं फ्युजन आहे का जुनं काही कनेक्शन? शेजारचे तमिळ मामा म्हणतात हे आमच्याकडचंच भजन!

टाळकुट्या: अलीकडचं कसलं, शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं की. मराठी माणसं गेली, रामदासी मठ झाले, मग कीर्तनकारांचं येणंजाणं चालूच. १९व्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकर चातुर्मासात तिकडे राहिले, त्यांची कीर्तनं ऐकून कृष्ण भागवतर नावाच्या तिथल्याच कलाकाराने हरिकथेला (गाण्यांसह देवाची कथा सांगण्याला) नवं रूप दिलं. सुरुवातीला पंचपदी (पाच पदं), मधे साकी, दिंडी, ओवी असे मराठी छंद, हातात चिपळ्या, सगळं आपल्या बुवांसारखं, पण साथीला मृदंगम, राग कर्नाटकी, कथा तमिळमधे आणि प्रसंग आला की त्यागराजांची कृती (कर्नाटकी रचना).

खवचट_पुणेकर: म्हणजे आपणच शिकवलं त्यांना 😎

कावेरीकाठ: पुणेकर, जरा दमानं. कथाकालक्षेपम (देवाच्या कथा सांगण्याची परंपरा) तिकडे आधीपासून होतंच, कृष्ण भागवतरांनी त्यात आपला साचा बसवला एवढंच. आणि अभंगाचा रस्ता फक्त हरिकथेतून गेलेला नाही, तिकडचा सामूहिक भजनाचा भजन संप्रदायही आहे, बोधेंद्र, श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूर सद्गुरू स्वामी या संतांचा. त्या भजनात एकाच बैठकीत जयदेवाची अष्टपदी (संस्कृत), भद्राचल रामदासूंची तेलुगू पदं, नारायणतीर्थांचे तरंग (कृष्णावरची संस्कृत पदं) आणि मग आपले अभंग, कोणाला खटकत नाही. राजे तरी कुठे नुसते मराठीत अडकले होते, शहाजीराजांनी (शिवरायांचे वडील नव्हे, व्यंकोजींचे चिरंजीव) पालखीसेवा प्रबंध हे संगीत नाटक लिहिलं ते तेलुगूत. त्यामुळे मामा चुकीचं काही बोलत नाहीयेत.

डोंबिवलीकर_चेन्नईत: भारी! पण चाली अगदी वेगळ्या वाटतात, आपल्या वारीतल्यासारख्या नाहीत.

टाळकुट्या: नसणारच, वारीत चालता चालता शेकडो लोकांनी एकत्र म्हणायचं असतं, तिथे एकजण बसून राग खुलवतो. त्यापेक्षा एखाद्या भजन मंडळीचं राधाकल्याणम (राधा-कृष्णाच्या लग्नाचा भजनसोहळा) असेल तर जाऊन ये, तिथे एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, आपल्या भजनासारखंच. जेवण पण मिळतं बहुतेक ठिकाणी.