१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येला काय म्हणायचं?

पूर्वा_आई: लेक आठवीत आहे. १ हा अंक नऊ वेळा लिहून (१११११११११) वर्ग केला की ही संख्या येते, असं त्याला शाळेत सांगितलं. मी स्प्रेडशीटमध्ये टाकलं तर शेवटी ३०० दिसतंय! आणि उलटी वाचली तरी तीच येते, यापलीकडे हिच्यात काही आहे का?

देवळालीवाला: ३०० ही स्प्रेडशीटची लबाडी, ती १५ अंकांपुढे शून्यं भरते. मुलाला कागदावर उभा गुणाकार मांडायला लावा. प्रत्येक ओळ एक घर सरकते, मधल्या स्तंभात नऊ एक जमतात. दहा एकांनी मात्र हातचा येतो आणि डौल मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

आता खरी मजा. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने नि:शेष भाग जातो. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग! स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो, म्हणून ही हर्षद संख्या. हे नाव आमच्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांचं, म्हणजे गणितज्ञ द. रा. कापरेकरांचं. शेवटचे नऊ अंक तोडून उरलेल्यात मिळवा:
१२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९
अशांना मास्तरांनी डेमलो संख्या म्हटलं, जीआयपी रेल्वेवरच्या (आजची मध्य रेल्वे) एका स्टेशनावरून.

पूर्वा_आई: विभाजक किती?

देवळालीवाला: मूळ अवयव ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२, प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार करा, म्हणून ५×३×३ = ४५. विषम, कारण पूर्ण वर्ग. ३३३६६७ मूळ आहे हे मात्र त्याला हाताने तपासायला लावू नका, रविवार जाईल.