धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संख्याशास्त्राची दोन सत्रे सक्तीची आणि अर्थसंकल्प ऐच्छिक: हे उलटायला हवे का?

कार्योत्तर (धागाकर्ता)

सार्वजनिक धोरण (एमपीपी) या नावाने दोन वर्षांचे जे अभ्यासक्रम चालतात, त्यांतले सक्तीचे विषय बहुतेक ठिकाणी सारखेच असतात. सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्राची दोन सत्रे, धोरण-विश्लेषण, राजकीय प्रक्रियेवर एखादा विषय आणि शेवटी कॅपस्टोन प्रकल्प, म्हणजे एखाद्या संस्थेच्या खऱ्या प्रश्नावरचा समारोपाचा प्रकल्प. सरकारी अर्थसंकल्प, खरेदी, मनुष्यबळ आणि प्रशासकीय कायदा ऐच्छिकच्या यादीत. लोकप्रशासनाच्या पदवीत (एमपीए) यांपैकी बरेचसे विषय गाभ्यात असतात. माझी मागणी अशी: धोरणवाल्यांनाही अर्थसंकल्प आणि खरेदी सक्तीची करा. त्यासाठी संख्याशास्त्राचे दुसरे सत्र ऐच्छिक झाले तरी चालेल.

उदाहरण घ्या. एका योजनेत ४०० पदे मंजूर झाली आणि ती आर्थिक वर्षाच्या दहाव्या महिन्यापासून भरली. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तीन महिन्यांचाच पगार दिसतो. पुढच्या वर्षी एकही नवे पद न वाढवता तीच पदे चौपट रक्कम मागतात. हा पूर्ण वर्षाचा बोजा मूळ टिपणात दाखवलेला नसला की योजना दुसऱ्या वर्षी वित्त विभागात अडते. पगार तर कापता येत नाही, मग कात्री लागते ती प्रवासभत्ता, इंधन आणि दुरुस्तीला. निरीक्षक नेमलेले असतात, पण ते तपासणीला पोचू शकत नाहीत.

खरेदीचेही तसेच. तांत्रिक विनिर्देश एखाद्या उत्पादकाच्या माहितीपत्रकावरून उतरवले की पात्र निविदाकार एकच उरतो. मग तक्रार, मग प्रक्रिया रद्द, मग फेरनिविदा. यंत्राच्या किमतीत पाच वर्षांची देखभाल आणि रोज लागणारे साहित्य धरले नाही, तर हमीची मुदत संपली की यंत्र झाकून ठेवायची वेळ येते.

१९७३ साली जेफ्री प्रेसमन आणि ॲरन विल्डावस्की यांनी अमेरिकेतल्या ओकलंडच्या रोजगार योजनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. पैसा मंजूर होता, उघड विरोध जवळपास नव्हता. तरीही कोणाचा ना कोणाचा होकार लागेल अशा ७० जागा त्यांनी मोजल्या. प्रत्येक जागी होकार मिळण्याची शक्यता ९५ टक्के धरा. सगळीकडून होकार येण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या आत येते. ९९ टक्के धरली तरी निम्म्याच्या आत. विश्लेषण उत्तम असूनही योजना कुठे रुतते, ते या आकड्यांत आहे.

मध्यमान

सहमत नाही. आणि तुम्ही दिलेल्या ओकलंडच्याच गणितापासून सुरुवात करतो, कारण ते तुमच्या विरुद्ध जाते.

तो गुणाकार ७० होकार एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरतो, आणि प्रत्येक ठिकाणी एकदाच विचारता येते असेही धरतो. प्रत्यक्षात एक मोठा होकार हाती आला की बाकीचे पुष्कळ सोपे होतात. शिवाय नकार मिळाला तर प्रस्ताव सुधारून पुन्हा पाठवता येतो. प्रत्येक जागी फक्त दोन संधी धरा: ९५ टक्क्यांचे ९९.७५ टक्के होतात आणि ७० जागा पार होण्याची शक्यता ३ टक्क्यांवरून सुमारे ८४ टक्क्यांवर जाते. निष्कर्ष पूर्ण पालटला. गृहीतक कुठे लपले आहे ते शोधण्याची ही सवय संख्याशास्त्र नीट शिकल्यावरच लागते.

पहिल्या सत्रात विद्यार्थी सरासरी, नमुना, विश्वासांतर (अंदाज किती मागेपुढे असू शकतो त्याची मर्यादा) आणि साधे रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मांडणे) शिकतो. तेवढ्यावर थांबला तर तो धोकादायक अवस्थेत असतो, कारण आकडे काढता येतात पण त्यांची झडती घेता येत नाही. दोन चुका तर सरकारी मूल्यमापन अहवालांत पुन्हापुन्हा दिसतात.

पहिली चूक. मागच्या वर्षी सर्वांत वाईट कामगिरी असलेली ५० कार्यालये निवडायची, तिथे विशेष मोहीम राबवायची आणि पुढच्या वर्षी आकडे सुधारले म्हणून मोहीम यशस्वी ठरवायची. तळातल्या ५० पैकी काहींचे ते वर्ष केवळ योगायोगाने वाईट गेलेले असते. मोहीम नसती तरी त्यांची सरासरी वर आलीच असती. तळाच्या १०० मधून सोडत काढून ५० निवडली आणि उरलेल्या ५० शी तुलना केली, तर खरा फरक कळतो. यासाठी जादा खर्च फारसा नाही, फक्त मोहीम सुरू होण्याआधी हे सुचायला हवे.

दुसरी चूक. ४० शाळांतून प्रत्येकी ५० मुले, म्हणजे २,००० चा नमुना, असे अहवालात लिहिलेले असते. एकाच शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात. शाळेअंतर्गत सहसंबंध (हे सारखेपण ० ते १ मध्ये मोजणारा आकडा) ०.२ असेल तर नमुन्याची किंमत १ + (४९ × ०.२), म्हणजे १०.८ पटीने घटते. २,००० मुलांची माहिती साधारण १८५ स्वतंत्र मुलांइतकीच भरते. हे न धरता काढलेले "लक्षणीय" निष्कर्ष कितीतरी योजनांच्या विस्ताराला आधार म्हणून वापरले जातात. आणि हे सगळे दुसऱ्या सत्रात येते, तुम्ही काढायला निघालात त्याच.

कार्योत्तर

दोन संधींचा मुद्दा मान्य. फक्त त्या दुसऱ्या संधीला लागणारा वेळ तुमच्या गणितात नाही. प्रत्येक फेरप्रस्तावाला सहा आठवडे लागत असतील आणि निधी वर्षअखेर व्यपगत होत असेल, तर दुसरी संधी कागदावरच राहते. आर्थिक वर्ष संपले की न खर्चलेला निधी परत जातो, हे शक्यतेच्या कोष्टकात कुठे बसवणार?

तुमच्याच प्रांतातले उदाहरण देतो. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे एक यादृच्छिक प्रयोग झाला. काही वर्गांत १३ ते १७ मुले, काहींत २२ ते २५. लहान वर्गांतली मुले अभ्यासात पुढे गेली. प्रयोगाची रचना इतकी चोख की संख्याशास्त्राच्या वर्गात आजही शिकवतात. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने सुरुवातीच्या इयत्तांसाठी राज्यभर वर्ग लहान करायचे ठरवले: साधारण ३० वरून २० वर. आता साधा भागाकार करा. ३० ची २० झाली की जिथे १०० वर्ग होते तिथे १५० लागतात. दीडपट खोल्या आणि दीडपट शिक्षक, तेही जवळपास एकाच वेळी. पूर्ण पात्रता नसलेले शिक्षक भरावे लागले आणि त्यांचे प्रमाण गरीब वस्त्यांतल्या शाळांत जास्त वाढले, कारण नव्या जागा निघताच अनुभवी शिक्षक सुखवस्तू भागांत निघून गेले. वाचनालये आणि संगीताच्या खोल्यांचे वर्ग केले गेले. हे ओळखायला रिग्रेशन लागत नव्हते. मनुष्यबळाचे नियोजन करणाऱ्या माणसाने एका दुपारी हे मांडले असते.

मध्यमान

एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी कधी लागू पडतो, हा प्रश्न दुसऱ्या सत्राचा गाभा आहे. टेनेसीत वर्ग लहान केले तेव्हा शिक्षकांचा दर्जा स्थिर राहिला होता, कारण प्रयोगात शाळा ७९ च होत्या. राज्यभर केल्यावर तो स्थिर राहणार नाही, हे चांगला विश्लेषक विचारतोच.

तळटीप

विचारतो, पण उत्तर देऊ शकत नाही. "शिक्षकांचा पुरवठा पुरेल का" एवढे लिहून तो थांबतो. दरवर्षी किती शिक्षक निवृत्त होतात, प्रशिक्षण संस्थांतून किती बाहेर पडतात, जाहिरातीपासून रुजू होईपर्यंत किती महिने जातात, बदलीचे नियम काय आहेत, हे कळल्याशिवाय त्या प्रश्नचिन्हाचा उपयोग नाही. इथे मी धागाकर्त्यांच्या बाजूने.

तरीही मूळ मागणी जशीच्या तशी मान्य नाही, आणि त्याचे कारण या दोन शाखांच्या इतिहासात आहे. लोकप्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण जुने. सिरॅक्यूज विद्यापीठाची मॅक्सवेल शाळा १९२४ ची. धोरणाच्या शाळा मात्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस निघू लागल्या, बर्कलीची १९६९ मध्ये. त्यांना ओढ लागली ती एका प्रयोगामुळे: संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारांनी १९६१ पासून अमेरिकेच्या संरक्षण खात्यात कार्यक्रमनिहाय अर्थसंकल्प आणला आणि १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी तो इतर खात्यांनाही लागू केला. विश्लेषकांची मागणी एकदम वाढली. १९७१ मध्ये ती पद्धत गुंडाळली गेली. खाती कार्यक्रमनिहाय विश्लेषणाचे ढीग तयार करत होती आणि कायदेमंडळ पैसा मंजूर करत होते जुन्याच लेखाशीर्षांनुसार, म्हणजे सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या ठरावीक प्रकारांनुसार. दोन्ही कागद एकमेकांना जोडलेच गेले नाहीत.

म्हणून मला वाटते, एक विषय काढून दुसरा घातल्याने काही होणार नाही. अर्थसंकल्प वेगळ्या खोलीत आणि संख्याशास्त्र वेगळ्या खोलीत शिकवले, तर विद्यार्थीही ते दोन कागद वेगळेच ठेवणार. एकच योजना दोन्ही वर्गांत चालवा. संख्याशास्त्राच्या वर्गात तिचा परिणाम मोजा, अर्थसंकल्पाच्या वर्गात तीच योजना लेखाशीर्षांत बसवून तीन वर्षांचा खर्च काढा: आवर्ती किती, भांडवली किती, पूर्ण वर्षाचा बोजा किती.

अर्जदार_नवा

प्रवेशाआधी एखादा अभ्यासक्रम नुसता नावाने धोरण, नुसता नावाने प्रशासन आहे का, हे कसे ओळखायचे? माहितीपत्रके सगळी सारखीच वाटतात.

तळटीप

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी मागवा. सक्तीच्या विषयांचे आठवडेवार आराखडे. त्यात अर्थसंकल्पाच्या विषयाला प्रत्यक्ष सरकारी अर्थसंकल्पाची कागदपत्रे वाचायला लावतात की फक्त सिद्धांत, ते पाहा. दुसरे, मागच्या दोन वर्षांचे कॅपस्टोन अहवाल. तिसरे, इंटर्नशिपची मुदत आणि काम कोण ठरवते. दहा-बारा आठवड्यांपेक्षा कमी असेल तर खात्यातली माहिती हाती येईपर्यंतच मुदत संपते.

कॅपस्टोन अहवाल वाचताना शिफारशी पाहा. "समन्वय वाढवावा", "जागृती करावी", "क्षमता बांधणी करावी" अशा शिफारशींची रांग असेल तर त्या प्रकल्पात खर्च, अधिकार आणि मुदत कोणी विचारलेली नाही. चांगल्या अहवालात प्रत्येक शिफारशीपुढे तीन गोष्टी असतात: निर्णय कोणाच्या अधिकारात आहे, खर्च कोणत्या शीर्षाखाली पडेल, आणि नियम बदलावा लागेल की नुसते परिपत्रक पुरेल.

हे प्रकल्प बहुधा एकाच ठिकाणी बिघडतात. संस्था म्हणते "आमच्या योजनेचा अभ्यास करा", विद्यार्थी हो म्हणतात, आणि माहिती मागितल्यावर कळते की ती द्यायला वरिष्ठांची परवानगी लागते. चौदा आठवड्यांतले सात तिथेच जातात. पहिल्याच पंधरवड्यात एक पानाचा लेखी करार करावा: प्रश्न कोणता, माहिती कोण देणार, कधी देणार, आणि ती न मिळाल्यास पर्यायी प्रश्न कोणता. मुलाखती घ्यायच्या असतील तर नैतिकता समितीचा अर्ज त्याच आठवड्यात.

मध्यमान

अर्जदारांसाठी भर: धोरण-टिपण कसे लिहून घेतात तेही विचारा. दोन पाने, शिफारस पहिल्याच परिच्छेदात, "आहे तसे चालू ठेवणे" हा पर्याय इतरांइतक्याच गंभीरपणे तपासलेला, आणि कोणाचे नुकसान होते ते स्पष्ट लिहिलेले. वीस पानांचे निबंध लिहून घेणारा अभ्यासक्रम कामाला कमी उपयोगी पडतो. गणित कच्चे असेल तर पहिल्या सत्राआधी लॉगरिदम, टक्केवारीतले बदल आणि साधी अवकलने यांची उजळणी करून जा. संख्याशास्त्रात बहुतेक जण संकल्पनांमुळे अडत नाहीत, या तीन गोष्टींमुळे अडतात.

तळटीप यांच्या जोड-योजनेला माझा पाठिंबा. अर्थसंकल्प सक्तीचा करा, पण जागा संख्याशास्त्रातून काढू नका. सूक्ष्म अर्थशास्त्राच्या सत्रातून काढा. फलन आणि समतोलाचे सिद्धांत तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ खातात.

कार्योत्तर

जोड-योजना मलाही पटली, एकाच अटीवर: अर्थसंकल्पाच्या वर्गातले गुण प्रत्यक्ष मांडलेल्या तीन वर्षांच्या खर्चपत्रकावर द्यावेत, त्यावरच्या निबंधावर देऊ नयेत.

सूक्ष्म अर्थशास्त्र मात्र सरसकट कापू देणार नाही. उत्पादन फलनाचे आठवडे खुशाल काढा. लवचिकता (किंमत बदलली की मागणी-पुरवठा किती बदलतो) आणि करभार ठेवाच. कर लावला विक्रेत्यावर आणि बोजा पडला ग्राहकावर, असे का होते ते त्याशिवाय अर्थसंकल्पाच्या वर्गात समजावता येत नाही. डिस्काउंट रेटही ठेवा, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा दर. २० वर्षांनी मिळणारे १०० चे लाभ ३ टक्के दराने आज सुमारे ५५ भरतात, ७ टक्क्यांनी सुमारे २६. अमेरिकेच्या व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाने २००३ च्या मार्गदर्शिकेत दोन्ही दरांनी हिशेब दाखवायला सांगितले होते ते यामुळेच. धरण, लसीकरण, बालशिक्षण, ज्यांचा खर्च आज आणि लाभ उशिरा, ते प्रकल्प या एका आकड्यावर मंजूर होतात किंवा पडतात.

मध्यमान

डिस्काउंट रेट खर्च-लाभ विश्लेषणाच्या विषयात येतोच, त्यासाठी सूक्ष्म अर्थशास्त्राचे आठवडे अडवू नका. करभाराचे दोन आठवडे मान्य. उरलेल्या आठवड्यांतून सहा मोकळे होतात. त्यांतले चार अर्थसंकल्पाला, दोन खरेदीला.

कार्योत्तर

खरेदीला दोन पुरणार नाहीत. विनिर्देश लिहिणे, निविदांचे तांत्रिक मूल्यमापन आणि कराराचे व्यवस्थापन हे तीन वेगळे सराव आहेत, आणि तिसऱ्याला सगळेच वगळतात. तीन-तीन करा.